टेबलावरची पलटण: लढाईचे छोटे सैनिक झटपट आणि मजेत कसे रंगवावेत

वॉरगेमिंग म्हणजे चिमुकले सैनिक, मोजपट्टी आणि फासे यांच्या साहाय्याने, ठरावीक नियमांनुसार टेबलावर खेळली जाणारी लढाई. या छंदात नव्याने पडणाऱ्या बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. पेटी येते, सैनिक चिकटवून होतात, पहिले दोन-तीन फार मन लावून रंगवले जातात आणि उरलेले पंचवीस-तीस जण करड्या प्लास्टिकच्या अवस्थेतच कपाटात जातात. हाताला कसब नाही, असे मग ज्याला त्याला वाटू लागते. प्रत्यक्षात काचेच्या कपाटात ठेवायच्या एकुलत्या एका आकृतीसाठी जी पद्धत असते, ती अख्ख्या तुकडीला लावल्यामुळे हे होते. खेळताना सैनिक दोन-तीन फुटांवरून आणि रांगेने दिसतात. त्या अंतरावरून काय दिसते आणि काय दिसत नाही, हे कामाला बसण्यापूर्वी ठरवून घेतले, तर निम्मे श्रम तिथेच वाचतात.

पुढील सर्व पायऱ्यांसाठी एकच उदाहरण धरून चालू: २८ मिलिमीटर मापाचे, प्लास्टिकचे, नेपोलियनच्या काळातील ब्रिटिश पायदळ. हे माप बहुधा तळपायापासून डोळ्यांपर्यंत मोजतात, त्यामुळे टोपीसकट सैनिक थोडा उंच भरतो. लाल कोट, करडी विजार, काळी उंच शाको टोपी आणि छातीवर फुली करणारे पांढरे पट्टे एवढ्यावर हा गणवेश ओळखू येतो. रंग मोजके आणि सर्वांचे सारखे असल्यामुळे नवशिक्याला यापेक्षा सोयीचा विषय मिळणे कठीण आहे. मराठी वाचकाला हे लाल कोट अगदी परके नाहीत. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूला नेपोलियनशी लढलेला वेलिंग्टन म्हणजेच २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली. वॉरहॅमरसारख्या काल्पनिक विश्वातील सैनिक ज्यांना रंगवायचे आहेत, त्यांनाही पायऱ्या याच लागू पडतील. फरक पडेल तो रंगांच्या नावांत.

कोणती रेजिमेंट घ्यावी

हा प्रश्न इतिहासाचा वाटला, तरी रंगकामाच्या वेगाशी त्याचा थेट संबंध आहे. ब्रिटिश पायदळात कोट लालच असे, पण कॉलर आणि मनगटावरचे कफ यांचा रंग रेजिमेंटनुसार बदलत असे. ४४ व्या रेजिमेंटचे कफ पिवळे, ७३ व्या रेजिमेंटचे गडद हिरवे, ३० व्या रेजिमेंटचे फिकट पिवळे, तर ३३ व्या रेजिमेंटचे कफ आणि कॉलर लालच होते. ज्याला लवकर मोकळे व्हायचे आहे त्याने डोळे झाकून ३३ वी घ्यावी. कॉलर आणि कफ वेगळे रंगवण्याचे काम, प्रत्येक सैनिकामागे तीन नाजूक जागा, एका फटक्यात वजा होते. शिवाय ही खुद्द वेलस्लीची जुनी रेजिमेंट, १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणला लढलेली आणि नंतर वॉटर्लूलाही हजर असलेली, त्यामुळे इतिहासाच्या दृष्टीनेही निवड हलकी ठरत नाही. लाल रंगाच्या शेजारी पिवळा उठून दिसतो, हे खरे आहे. तो मोह दुसऱ्या तुकडीसाठी राखून ठेवावा.

अंगावर घ्यायचे काम कमी करण्याची ही दृष्टी सगळीकडे वापरता येते. पाठीवरच्या पिशवीच्या आतल्या बाजूचा कोट, काडतुसांच्या पेटीमागची शिवण, टोपीच्या कडेखालची पट्टी या जागा कोणालाही दिसत नाहीत. ब्रश जिथे पोहोचत नाही तिथे नजरही पोहोचत नाही, असे या छंदातले लोक म्हणतात. रांगेत उभ्या राहणाऱ्या पायदळाच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे.

सामान

सुरुवातीला रंगांचा मोठा संच घेऊ नये. आपल्या तुकडीला काळा, मळकट पांढरा, लाल, करडा, चामड्याचा तपकिरी, त्वचेचा, पोलादी आणि पितळी एवढे आठ मुख्य रंग आणि एक तपकिरी वॉश पुरतो; शुद्ध पांढरा, निळा असे थोडेसे लागणारे रंग लागतील तसे घ्यावेत. वॉश म्हणजे खोलगट भागांत जाऊन साठणारा, अतिशय पातळ आणि गडद रंग. स्पेनच्या व्हायेहो कंपनीचे रंग थेंबाथेंबाने काढता येतील अशा बाटल्यांत येतात, तर इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपचे सिटाडेल रंग झाकणाच्या डबीत येतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात डबीच्या कडेला रंग वाळून झाकण नीट बसेनासे होते आणि उरलेला रंग घट्ट होतो, म्हणून माझा कल बाटलीकडे आहे. कॅम्लिनचे ट्यूबमधले ॲक्रिलिक रंग दाट असतात. कोटासाठी ते पातळ करताना कष्ट पडतात, पण बेसच्या, म्हणजे सैनिक ज्यावर उभा असतो त्या चकतीच्या, मातीसाठी ते उत्तम आणि स्वस्त आहेत.

ब्रश तीनच लागतात: एक क्रमांक २, एक क्रमांक १ आणि ड्रायब्रशसाठी, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त उंचवटे रंगवण्यासाठी, एक जाड, गोलसर टोकाचा, ज्याच्या जागी मेकअपचा जुना ब्रशही चालतो. दुकानदार नवख्या माणसाला तीन शून्यांचा केसासारखा ब्रश हमखास दाखवतो. तो घेऊ नये. त्याच्या पोटात रंग मावत नाही आणि जेवढा मावतो तेवढा सैनिकापर्यंत जाईतो वाळतो. बारीक रेघ ब्रशच्या आकारावर अवलंबून नसते, त्याच्या टोकावर असते, आणि टोक चांगले असलेला क्रमांक १ सर्व कामे करतो. रंग ब्रशचे केस धरून ठेवणाऱ्या धातूच्या नळीत शिरू देऊ नये, कारण एकदा तो तिथे वाळला की केस फाकतात. ब्रश ओठांत धरून टोक काढण्याची सवयही लावून घेऊ नये.

पॅलेट म्हणून घरातली उरलेली चकचकीत टाइल पुरेशी आहे, पण ओले पॅलेट केल्यास रंगाची बरीच बचत होते. सपाट, झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात स्वयंपाकघरातला पातळ स्पंज ओला करून ठेवावा आणि त्यावर केक भाजताना ट्रेमध्ये घालतात तो कागद अंथरावा. मेण लावलेला कागद चालत नाही, कारण त्यातून पाणी वर येत नाही. अशा पॅलेटवर मिसळलेला रंग दुसऱ्या दिवशीही ओला मिळतो. छताचा पंखा मात्र मंद ठेवावा. रंग अकाली वाळण्याच्या तक्रारी जितक्या कानावर येतात, त्यातल्या निम्म्या पंख्याच्या असतात.

जोडणी आणि प्रायमर

प्लास्टिकचे भाग स्प्रू नावाच्या चौकटीतून कटरने कापून काढावेत आणि साच्याचे दोन अर्धे जिथे जुळतात तिथली बारीक उंचवट्याची रेघ सुरीच्या पात्याच्या मागच्या कडेने खरवडून टाकावी. ही रेघ आता क्षुल्लक वाटते, पण पुढे ड्रायब्रश केल्यावर नेमकी तीच पांढरी होऊन चेहऱ्यावर उमटते. सगळीकडची रेघ काढत बसण्याचीही गरज नाही. टोपी, चेहरा, खांदे आणि बंदुकीची नळी एवढे पाहिले तरी चालते. प्लास्टिकसाठी पॉलिस्टायरिन वितळवून सांधणारा गोंद वापरावा. धातूच्या किंवा रेझिनच्या सैनिकांना फेव्हिक्विकसारखा झटपट गोंद लागतो आणि ते भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुऊन घ्यावे लागतात, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर त्यांच्यावर राहिलेला असतो. जुन्या धातूच्या आकृत्यांत शिसे असते, त्यामुळे त्या हाताळल्यावर हात धुवावेत.

प्रत्येक सैनिक थंड पेयाच्या बाटलीच्या झाकणावर दुतर्फी चिकटपट्टीने बसवावा, म्हणजे काम संपेपर्यंत बोट त्याला लागत नाही. पाच-पाच जण एका लाकडी पट्टीवर चिकटवण्याचीही पद्धत आहे. वेग तिच्यात अधिक आहे, पण हाताखालच्या आणि कोटाच्या आतल्या जागा गाठताना शेजारचा सैनिक आड येतो. मला झाकणेच बरी वाटतात.

नुसत्या प्लास्टिकवर पाण्यात मिसळणारा रंग धरत नाही, तो नखाने निघतो. म्हणून प्रायमर. स्प्रेचा डबा चांगला हलवून, वीस ते तीस सेंटिमीटर अंतरावरून, सैनिकाच्या अलीकडे सुरू करून पलीकडे थांबेल अशा छोट्या झोतांनी मारावा. हे काम गच्चीत किंवा अंगणात, तोंडाला मास्क लावून करावे. आपल्याकडची खरी अडचण पावसाळ्याची. हवेत दमटपणा जास्त असताना मारलेला स्प्रे कधी खरखरीत भुकटीसारखा बसतो, कधी पांढरट होतो. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर स्प्रेचा नाद सोडून ब्रशने लावायचे पॉलियुरेथेन प्रायमर वापरणे शहाणपणाचे. ते पातळ थराने लावून रात्रभर वाळू द्यावे. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला रंगाच्या स्प्रेचे डबे आणायला सांगू नयेत, कारण असे ज्वालाग्राही एअरोसोल विमानाच्या सामानात नेता येत नाहीत. हार्डवेअरच्या दुकानातला मोटारीचा स्प्रे वापरायचा झाल्यास आधी रिकाम्या स्प्रूवर मारून पाहावा, कारण काहींतील द्रावक प्लास्टिक खातो.

आपल्या पद्धतीसाठी प्रायमर काळा हवा. तो पूर्ण वाळला की जाड ब्रशवर करडा रंग घ्यावा, पुठ्ठ्यावर घासून जवळजवळ सगळा पुसून टाकावा आणि वरून खाली अशा हलक्या हाताने सैनिकावर फिरवावा. उंचवटे करडे होतात, घड्या काळ्या राहतात. मग त्याहून कमी रंग घेऊन पांढऱ्याने फक्त वरच्या भागांवर, म्हणजे टोपी, चेहरा, खांदे आणि पाठपिशवीचा माथा यांवर, हाच प्रकार करावा. डोक्यावर सूर्य असताना उजेड जिथे पडला असता, तिथे आता पांढरे आहे. सावली आणि उजेड यांचे बहुतेक काम दहा जणांसाठी अर्ध्या तासात उरकलेले असते. पुढे त्यावर पारदर्शक रंग चढवायचा एवढेच राहते.

नमुन्याचा सैनिक

दहा जणांना एकदम हात घालण्याआधी एक सैनिक पूर्ण करावा, आणि पूर्ण म्हणजे बेस आणि वार्निशसकट. तो करताना कोणता रंग कशावर चढवला, किती पाणी घातले, कुठला भाग आधी झाला, हे एका कार्डावर लिहून ठेवावे. दुसऱ्या महिन्यात उरलेले वीस जण बाहेर निघतात, तेव्हा विजारीचा करडा कोणता होता हे आठवत नाही आणि एकाच तुकडीत दोन वेगळ्या छटा येतात.

या सैनिकाचा दुसरा उपयोग मर्यादा घालण्याचा. तो टेबलावर ठेवून तीन फूट मागे उभे राहावे. तिथून जो भाग चांगला दिसतो त्यावर आणखी काही करायचे नाही. जो भाग सपाट किंवा मळकट दिसतो तिथे एक थर वाढवायचा. मग हाच दर्जा सगळ्यांना. त्याहून चांगला करण्याचा मोह पहिल्या आठ-दहा सैनिकांवर होतोच, आणि तुकडी अर्धवट राहण्याचे कारणही बहुधा तोच असतो.

दहा जणांची फळी

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात एक मूर्ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत रंगवून मग दुसरी घेत नाहीत. एक रंग रांगेतल्या सगळ्या मूर्तींवर चढतो, मग पुढचा. आपली फळीही तशीच चालवायची. संख्या आठ ते दहा असावी, कारण दहाव्यावर हात फिरून होईतो पहिला वाळलेला असतो आणि वाट पाहावी लागत नाही. वीस जण एकदम घेतल्यास वेग फारसा वाढत नाही आणि एकाच रंगाची तासभराची रांग कंटाळा आणते.

आतून बाहेर हा क्रम पाळावा: आधी त्वचा, मग विजार, मग कोट, मग पट्टे आणि शेवटी अंगावर लटकणाऱ्या वस्तू. आतल्या भागाचा ब्रश बाहेर लागला तरी पुढचा थर ती चूक झाकतो.

रंगासाठी दोन मार्ग आहेत. एक जुना: साधा अपारदर्शक रंग सपाट भरायचा, त्यावर वॉश, मग कडांवर उजळ रेघ. दुसरा मार्ग कॉन्ट्रास्ट प्रकारच्या रंगांचा. सिटाडेलने हे रंग २०१९ मध्ये बाजारात आणले आणि नंतर इतरांनीही तसे काढले. ते पारदर्शक असतात, उंचवट्यावरून ओघळून घडीत साठतात आणि एकाच थरात उजेड-सावली दोन्ही देतात. काळ्यावर केलेल्या ड्रायब्रशच्या तळावर ते चढवण्याच्या पद्धतीला इंग्रजी जगात स्लॅपचॉप हे गमतीदार नाव पडले आहे. नवशिक्याने विजार, त्वचा, कोट आणि लाकूड यांसाठी हेच रंग वापरावेत. पट्टे, धातू आणि काळ्या वस्तूंसाठी साधा रंगच बरा.

कोट रंगवताना थोडी काळजी घ्यावी लागते, म्हणून तो सविस्तर पाहू. क्रमांक २ चा ब्रश लाल कॉन्ट्रास्टमध्ये बुडवून एक बाजू डबीच्या कडेला पुसून घ्यावी. खांद्यावर टेकवून रंग खाली शेपटाकडे ओढत न्यावा, मग बाही, मग दुसरी बाजू. एका सैनिकाचा कोट एका दमात संपवावा. मध्येच अर्धवट वाळलेल्या जागेवर ब्रश फिरवला, तर तिथला थर फाटतो आणि टवके गेल्यासारखा डाग राहतो. कोटाच्या शेपटांची घडी, कोपराची खाच आणि पट्ट्यांखालची कड या तीन ठिकाणी रंग थेंबासारखा साठतो. ब्रश पाण्यात धुऊन, कागदावर टिपून, त्या थेंबाला नुसते टोक लावावे. जास्तीचा रंग ब्रश ओढून घेतो. एवढे प्रत्येकाला केले की पुढच्याकडे वळावे आणि मागे पाहू नये. या प्रकारच्या काही जुन्या रंगांत एक खोड असते: वाळल्यावरही ओला ब्रश फिरला की ते पुन्हा सुटतात. बाटली जुनी असेल तर आधी नमुन्याच्या सैनिकावर खात्री करावी.

साध्या लाल रंगाने काम करायचे असेल, तर एक अडचण ध्यानात ठेवावी. लाल, पिवळा आणि पांढरा हे रंग काळ्यावर नीट झाकत नाहीत. चार थर देण्याऐवजी आधी तपकिरी तांबड्याचा एक थर द्यावा आणि त्यावर लाल, म्हणजे दोन थरांत भागते. लाल उजळ करण्यासाठी त्यात पांढरा मिसळू नये, कोट गुलाबी होतो. नारिंगी मिसळावा. वॉशही काळा वापरू नये, तपकिरी वापरावा, नाहीतर कोट काजळी धरल्यासारखा दिसतो.

कोणताही मार्ग घेतला, तरी अपारदर्शक रंग पाण्याने पातळ करूनच लावावा. पॅलेट किंचित तिरपे केल्यावर रंगाचा थेंब हळू सरकला पाहिजे. जागचा हलला नाही तर तो दाट आहे, धावत सुटला तर पाणी जास्त झाले आहे. दाट थराखाली चेहऱ्याचे नाक-ओठ बुजतात आणि ते परत येत नाहीत.

पट्टे, चेहरा आणि बाकीचे

टेबलावरून या सैनिकाकडे पाहिले की डोळा दोन ठिकाणी जातो: छातीवरची पांढरी फुली आणि टोपीखालचा चेहरा. वाचवलेला सगळा वेळ इथे खर्च करावा.

पट्ट्यांसाठी शुद्ध पांढरा घेऊ नये. आधी फिकट करडा किंवा मळकट पांढरा पट्ट्याच्या मधोमध ओढावा, आणि पट्ट्याच्या दोन्ही कडांना तळचा काळा किंवा गडद लाल केसभर दिसू द्यावा. ही गडद रेघ वेगळी काढायची नाही, फक्त झाकायची नाही. तिच्यामुळे पट्टा कोटापासून सुटा दिसतो आणि संपूर्ण तुकडी नीटनेटकी वाटते. नंतर पट्टा जिथे छातीच्या उंचवट्यावरून जातो तेवढ्याच भागावर शुद्ध पांढऱ्याची एक छोटी रेघ पुरते. हे काम करताना सैनिक उलटासुलटा धरावा, म्हणजे ब्रश नेहमी आपल्याकडे ओढला जाईल. दोन्ही हातांची मनगटे एकमेकांना टेकवली की थरथर थांबते. कोटाच्या बटणांभोवती पांढऱ्या फितीचे पट्टे असत. तिथे ब्रशच्या टोकाने आडवे ठिपके द्यावेत. सरळ रेघा मारण्याचा हट्ट धरू नये, कारण लांबून ठिपकेही फितीसारखेच दिसतात.

चेहऱ्याला त्वचेचा कॉन्ट्रास्ट किंवा साधा रंग आणि त्यावर तपकिरी तांबडा वॉश. तो वाळला की त्वचेच्या मूळ रंगाने तीन स्पर्श: नाकाचा कणा, दोन्ही गाल, हनुवटी. वेळ असल्यास कपाळाऐवजी कानाच्या पाळीला एक ठिपका द्यावा, कारण कपाळ टोपीखाली जाते. डोळे रंगवू नयेत. पेणला डोळ्यांची आखणी सगळ्यात जाणत्या हाताकडे असते, आणि तिथे मूर्ती निदान फूटभर तरी असते. २८ मिलिमीटरच्या सैनिकाचा डोळा एका मिलिमीटरहून लहान. त्यात पांढरा भरून काळा ठिपका दिला की सैनिक दचकल्यासारखा दिसतो, आणि दहा जणांच्या रांगेत दहाही जण निरनिराळ्या दिशेला पाहू लागतात. शाकोच्या पुढच्या कडेखाली वॉशने पडलेली सावली डोळ्यांचे काम करते.

उरलेल्या वस्तूंवर रेंगाळू नये. पाठपिशवी आणि काडतुसांची पेटी काळी, तिच्या कडांवर गडद करड्याची एक रेघ. गुंडाळलेले पांघरूण करडे, शिध्याची कापडी पिशवी मळकट पांढरी. पाण्याचे लाकडी भांडे ब्रिटिश सैन्यात फिकट निळ्या रंगाचे असे. लाल-करड्या पसाऱ्यात तो निळा गोल तुकडा फार शोभतो, म्हणून त्याला मात्र विसरू नये. बंदुकीचा दस्ता तपकिरी, नळी आणि संगीन पोलादी, चापाजवळच्या आणि दस्त्याच्या टोकाच्या पट्ट्या पितळी. धातूचे रंग शेवटी लावावेत आणि त्यानंतर ब्रश धुण्याचे पाणी बदलावे, नाहीतर चमकीचे कण पुढच्या प्रत्येक रंगात उतरतात.

आता एक दुरुस्तीची फेरी. रंगवताना बाहेर गेलेला प्रत्येक ब्रश तिथल्या तिथे पुसत बसल्याने फळी मोडते. त्या सगळ्या चुका एकदम घ्याव्यात, रंगानुसार: आधी सगळ्यांचे काळे डाग, मग लाल, मग करडे. विजारीच्या खालच्या भागावरच्या चुका तर दुरुस्तच करू नयेत. वॉटर्लूच्या आदल्या रात्री मुसळधार पाऊस झाला होता आणि रणांगणाचा चिखल झाला होता. स्पंजाचा छोटा तुकडा तपकिरी रंगात टेकवून, पुठ्ठ्यावर टिपून, बुटांपासून पोटरीपर्यंत हलकेच दाबला की इतिहासही सांभाळला जातो आणि रंगकामही.

कामाची विभागणी बसण्यांनुसार करावी. एका संध्याकाळी प्रायमर आणि ड्रायब्रश, दुसऱ्या संध्याकाळी त्वचा आणि विजार, तिसऱ्या वेळी फक्त कोट, अशी एकेक पायरी संपवून उठावे. अर्ध्यावर सोडलेली पायरी दुसऱ्या दिवशी बसण्याचा उत्साह घालवते. कोट चढवताना कानाला गाणे किंवा श्राव्य पुस्तक चालते, पण पट्टे आणि चेहरे शांततेत करावेत. तुकडीचा अधिकारी शेवटी ठेवावा. त्याचा किरमिजी कमरपट्टा, तलवार आणि सोनेरी-रुपेरी बारकावे हे हौसेचे काम आहे. दहा सारखे शिपाई उरकल्यावर त्याच्यावर मनसोक्त वेळ घालवण्यात खरी मजा आहे.

बेस

नवख्या माणसाला बेस म्हणजे उरलेले काम वाटते. माझ्या मते साधे रंगवलेले सैनिक आणि चांगले बेस ही जोडी, उत्तम रंगवलेले सैनिक आणि उघडे काळे बेस या जोडीपेक्षा केव्हाही सरस दिसते. बांधकामाची वाळू चहाच्या गाळणीतून चाळून घ्यावी, धुऊन वाळवावी. बेसवर फेव्हिकॉल थोड्या पाण्यात पातळ करून बुटांना न लागेल असा पसरावा आणि सैनिक वाळूत दाबावा. रात्रभर वाळल्यावर वाळूवर पुन्हा पातळ फेव्हिकॉलचा एक हात दिल्यास ती पुढे गळत नाही. त्यावर गडद तपकिरी, मग फिकट तपकिरीचा ड्रायब्रश.

जमीन कुठली हे इथे दिसते. वॉटर्लूसाठी ओलसर गडद माती आणि हिरवे गवत हवे, आणि त्या शेतांत राय या गव्हासारख्या धान्याचे उंच पीक उभे होते. त्यासाठी नारळाच्या काथ्याचे धागे अर्ध्या सेंटिमीटरचे कापून, झुबक्याने फेव्हिकॉलमध्ये उभे करावेत आणि वरून पिवळसर हिरव्याचा ड्रायब्रश करावा. हेच लाल कोट असईला उभे करायचे असतील, तर माती मराठवाड्याची काळी हवी. काळ्या रंगात थोडा तपकिरी मिसळून तळ, आणि त्यावर उबदार करड्याचा अगदी विरळ ड्रायब्रश. शुद्ध करडा वापरल्यास शेताऐवजी डांबरी रस्ता दिसतो. बेसची कड सर्व सैनिकांना एकाच रंगाने, काळ्या किंवा गडद तपकिरीने, स्वच्छ रंगवावी. दहा मिनिटांच्या या कामाने तुकडी एकसंध दिसते.

वार्निश

खेळात सैनिक सतत उचलले जातात आणि संगिनीचे टोक, टोपीचा माथा, पाठपिशवीच्या कडा यांवरचा रंग आधी जातो. म्हणून वार्निश आवश्यक. सर्वांत टिकाऊ पद्धत म्हणजे आधी चकाकी असलेल्या वार्निशचा एक थर, कारण तो अधिक कठीण असतो, आणि तो वाळल्यावर मॅट वार्निशचा दुसरा, ज्याने चकाकी मारली जाते. स्प्रेचे वार्निश दमट हवेत मारल्यास त्यावर दुधी धुके धरते आणि सगळी मेहनत पांढरी पडते. प्रायमरच्या वेळी पाळलेला पावसाळ्याचा नियम इथे अधिक कडकपणे पाळावा. ब्रशने लावायचे मॅट वार्निश वर्षभर चालते. फक्त बाटली उपडी-सुलटी करत नीट मिसळून घ्यावी, जोरात हलवू नये, कारण बुडबुडे तसेच वाळतात. तळाशी बसलेली मॅट करणारी भुकटी वर आली नाही, तर पहिले पाच सैनिक चकाकतात आणि उरलेले पाच पांढुरके होतात. धुके धरलेच, तर चकाकीच्या वार्निशचा पातळ थर ब्रशने देऊन पाहावा. पुष्कळदा त्याने ते नाहीसे होते आणि मग पुन्हा मॅट देता येते.

वार्निश रात्रभर वाळल्यावर सैनिक झाकणावरून काढावेत आणि बेसच्या खाली चुंबकी पत्र्याचा तुकडा चिकटवावा. मग बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ते जागचे हलत नाहीत आणि खेळायला नेताना संगिनी मोडत नाहीत. डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नमुन्याच्या सैनिकाचे ते कार्ड चिकटवून ठेवावे, कारण पुढचे दहा जण त्यावरूनच रंगवायचे आहेत.